अर्ध्या ‘र’चा तपास

तळेघर, ता. आंबेगाव
१९ सप्टेंबर २००४

चि. वृषालीस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या ऑफिसनं काढून टाकलेला कॉम्प्युटर आणि प्रिंटर तू मे महिन्यात जीपमध्ये घालून आमच्या शाळेत आणून बसवलास, त्याला चार महिने झाले. वर ती फुकटची मराठी प्रणालीही घालून दिलीस. मशीन उत्तम चालतं. म्हणजे परवापर्यंत चालत होतं.

तुला पुस्तकाचं सांगितलं होतं. येत्या २२ जानेवारीला शाळेला पन्नास वर्षं होतात. त्यासाठी पोरांनी वाड्यावस्त्या पालथ्या घालून म्हातारी माणसं गाठली आणि कोण कुठलं भात लावतं, कुठल्या खाचरात लावतं, बी कसं राखतं, हे सगळं लिहून आणलं. एकतीस माणसं, एकतीस पानं. प्रत्येक पानावर आधी वाणाचं नाव, त्याखाली ‘शेतकऱ्याचं नाव’, मग माहिती. एका बोटानं टाइप करता करता माझा उन्हाळा आणि पावसाळा गेला.

पहिलं पान साळुबाईचं, रायभोगाचं. छापून निघालं तसा मी हुरळून गेलो. नीट न बघताच कागद घेऊन तिच्या घरी गेलो. तिच्या नातीनं, दिशानं, मोठ्यानं वाचायला घेतलं. ‘‘वाण, रायभोग. शेतक...’’ आणि थांबली.

‘‘पुढं?’’ साळुबाई म्हणाली.

‘‘पुढं काय न्हाई आजी. कोराच हाय कागद.’’

साळुबाईनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नाही, पण जिथं काही नाही ती जागा तिला बरोबर दिसली. ‘‘म्हंजी मी न्हाईच का ह्यात, गुरुजी?’’ एवढंच बोलली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पडद्यावर नाव आहे, कागदावर नाही. एकतीसही पानं छापून पाहिली, सगळ्यांची नावं गायब. मशीनला कुणी हात लावलेला नाही, हे मुद्दाम लिहितो. काय करायचं ते कळव. पोस्टातला फोन पावसापासून मुका आहे, म्हणून पत्र.

तुझा,
संपतमामा

---

कर्वेनगर, पुणे
२८ सप्टेंबर २००४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. साळुबाईचं वाचून वाईट वाटलं. मशीन मी आणून दिलं, प्रोग्राम मी घातला, तेव्हा हे माझ्याकडेच लागतं.

प्रोग्राममधल्या अशा चुकीला आमच्याकडे ‘बग’ म्हणतात. किडा म्हणा हवं तर. असा किडा जगात कुणाला ना कुणाला आधी चावलेला असतो आणि त्यानं कुठंतरी लिहूनही ठेवलेलं असतं. म्हणून ऑफिसातल्या इंटरनेटवर मी सर्च इंजिनला विचारलं, मराठी छापताना अर्धी ओळ का गळते? त्यानं मला सहा लग्नपत्रिका छापणारे आणि तीन वधूवर सूचक मंडळं काढून दिली. आईला यातलं काही सांगू नका, ती पत्ते मागेल.

तेव्हा आमच्या देवयानी मॅडम हसायला लागल्या. म्हणाल्या, ‘‘अगं, सर्च इंजिन रस्त्यानं चालत जातं आणि दारावरच्या पाट्या वाचतं. बगच्या तक्रारी असतात आतल्या दप्तरात. प्रत्येक प्रोग्रामचं आपलं दप्तर असतं, त्याला खिडकी असते, खिडकीशी जाऊन विचारावं लागतं. ते इंजिन खिडकीशी थांबत नाही. आणि विचारायचं तेसुद्धा तक्रार लिहिणाऱ्याच्या शब्दांत. आपल्या शब्दांत विचारलं तर आतला माणूस नाही म्हणून मोकळा होतो.’’

मी त्या खिडकीशी जाऊन आले. मराठीच्या नावावर तीन तक्रारी निघाल्या, तिन्ही वेगळ्याच. म्हणून आता तुम्ही मला नीट लिहून पाठवा. नुसतं ‘नावं गायब’ पुरत नाही. नेमक्या कुठल्या अक्षराशी ओळ तुटते? दर वेळी तिथंच तुटते का? दुसरा शब्द घातला तर काय होतं? काय चालतं तेही लिहा, नुसतं काय बिघडतं ते नको. आणि मामा, ‘मशीनला कुणी हात लावलेला नाही’ हे तुम्ही का लिहिलंत? खरं काय ते सांगा. रागावणार नाही.

मामींना नमस्कार.

तुमची,
वृषाली

---

तळेघर
११ ऑक्टोबर २००४

चि. वृषालीस,
अनेक आशीर्वाद.

बरं, हात लावला होता. नावं गळाली त्या दिवशी मी स्क्रू ड्रायव्हरनं प्रिंटरचं झाकण काढलं. आत नावं अडकलीत की काय असं वाटलं. हसू नकोस. झाकण परत बसवलं तेव्हा एक स्क्रू उरला, तो टेबलाच्या खणात आहे. तेव्हापासून माझ्याच हातून बिघडलं या धास्तीनं जेवण गोड लागत नव्हतं. पण नावं झाकण काढायच्या आधीच गळाली होती, याला तुझी मामी साक्षीला आहे.

आता तपास ऐक. आधी वाटलं, ‘शेतकरी’ याच शब्दाचं वावडं असेल. म्हणून ‘सांगणाऱ्याचं नाव’ केलं. तुटलं. ‘कसणाऱ्याचं नाव’. तुटलं. ‘पेरणाऱ्याचं’, ‘राखणाऱ्याचं’, दोन्ही तुटली. मी कपाळाला हात लावला. तुझी मामी दारात तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘‘अवो, समद्यात त्यो एकच अर्धा र हाय की!’’

वृषे, तीस वर्षं शुद्धलेखन शिकवतोय मी, आणि हे तिला दिसलं. मग सातवीच्या वर्गाला फळ्यापुढं बसवलं आणि र जोडलेले सगळे शब्द काढायला लावले. एकेक छापून पाहिला. ‘सूर्य’ छापतो. ‘कार्य’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’ छापतात. ‘दऱ्या’ तुटतं, ‘वाऱ्यावर’ तुटतं, ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘कऱ्हाड’, सगळी तुटतात. ‘दऱ्या’मधला ‘द’ उमटतो आणि तिथून ओळीच्या शेवटापर्यंत कोरं. शेतकऱ्याचा ‘शेतक’ उमटतो, त्याच्या पुढचं काहीही उमटत नाही. खालची ओळ पुन्हा व्यवस्थित सुरू होते. चौसष्ट शब्द छापले, निकाल एकच. डोक्यावर येणारा र चालतो, पायाशी येणाराही चालतो, आणि अक्षराला कोयत्यासारखा चिकटणारा हा अर्धा र आला की ओळ कापली जाते.

आता माझी अडचण. साळुबाईचं काय झालं ते तळेघरभर झालंय. धर्माजी म्हणतो, ‘‘माझं नाव न्हाई तर माझं भातबी काढा पुस्तकातनं.’’ मी सगळ्यांना शब्द देऊन बसलो आहे की माझी भाची स्वतः कॉम्प्युटर बनवते, ती नावं आणणार म्हणजे आणणार. तुझी आईच, आमची अक्का, तसं सांगते ना सगळ्यांना.

तुझा,
संपतमामा

---

पुणे
२५ ऑक्टोबर २००४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी ऑफिसात देवयानी मॅडमना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, अशी तक्रार आमची शिकलेली माणसं लिहीत नाहीत. चौसष्ट शब्द! मामींना माझ्याकडून दंडवत.

पण एवढं हाताशी असूनही मला अजून काही सापडलेलं नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या दप्तराच्या खिडकीशी बसते. ‘मराठी’ म्हणून विचारते, ‘अर्धा र’ म्हणून विचारते, ‘छपाई’, ‘गळालेली ओळ’, इंग्रजीत सुचतील तितक्या नावांनी विचारते. नाही म्हणतं. हजारो तक्रारी आहेत, एकेक उघडून वाचायला जन्म जाईल.

आणि मामा, तुम्ही स्क्रूचं खरं सांगितलंत, आता मीही सांगते. मी कॉम्प्युटर बनवत नाही. मी प्रोग्रामही बनवत नाही. दुसऱ्यांनी बनवलेले प्रोग्राम मी दिवसभर वापरून बघते आणि त्यातल्या चुका काढते. टेस्टर म्हणतात. ज्यानं बनवलं त्याला जाऊन सांगायचं, तुझं हे चुकलं, हे असं झालं. कुणालाही आवडत नाही ते. माझ्याबरोबर लागलेली मुलं बनवायच्या कामावर गेली, मी इथंच राहिले. आई बोरीत सगळ्यांना भलतंच सांगते आणि मला तिला थांबवता आलं नाही. एका चुका काढणारीकडे तुम्ही एकतीस माणसांची आशा लावून बसला आहात, म्हणून सांगितलं.

दिवाळीत सुट्टी नाही. भाऊबिजेला तुम्ही बोरीला गेलात तर आईला यातलं बोलू नका.

तुमची,
वृषाली

---

तळेघर
१७ नोव्हेंबर २००४

चि. वृषालीस,
अनेक आशीर्वाद.

भाऊबिजेला बोरीला जाऊन आलो. तू सांगितलंस म्हणून तोंड शिवून बसलो होतो. ओवाळून झाल्यावर अक्काच म्हणाली, ‘‘संपत, वृषी चुका काढायच्या कामावर हाय, तुला ठाऊक हाय का?’’ मी उडालोच. म्हटलं, तुला कुणी सांगितलं? ‘‘सांगाया कशाला लागतंय? लहानपनी शिक्षकाची बेरीज चुकली तर सगळ्या वर्गात ही उभी ऱ्हायची. तिला दुसरं कसलं काम देत्याल? पर लोकांना ‘चुका काढती’ म्हनलं की वाटतंय भांडखोर हाय. लग्नाची पोर. म्हनून मी बनविती म्हनते.’’

तेव्हा आईपासून काही लपलेलं नाही, आणि तुलाही लपवायचं कारण नाही. मी तर गेली तीस वर्षं लाल पेन घेऊन तेच काम करतोय आणि सरकार मला पगार देतं.

इकडे भाताची झोडणी चालू आहे. मी साळुबाईला म्हटलं, नाव छापलं जात नसेल तर मी सुंदर अक्षरात पेनानं लिहितो. ती बी निवडत होती. वर न बघता म्हणाली, ‘‘पेनानं लिवल्यालं पेनानं खोडत्यात, गुरुजी. सातबाऱ्याला दोनदा बघितलंय म्या. छापा.’’ तिच्या वयाचा मान राखून मी बी निवडू लागलो.

जानेवारी लांब नाही. पण तू जिवाला लावून घेऊ नकोस. अगदीच नाही जमलं तर घोडेगावच्या छापखान्यात खिळे जुळवायला सांगेन. तिथं महिन्याचा वायदा आहे आणि हा मजकूर त्यांना परत पहिल्यापासून जुळवावा लागेल, म्हणून शेवटचा उपाय.

तुझा,
संपतमामा

ता. क. तुझ्या आईनं अनारसे दिले आहेत. एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवतो, वाटेत किती उरतात ते कळव.

---

पुणे
४ डिसेंबर २००४

मामा! मामा! मामा!

नमस्कार राहिला, तो शेवटी करते. सापडलं!

अनारसे अकरा पोचले. तेच निमित्त झाले. माझ्या शेजारच्या खोलीत सिक्कीमची एक मुलगी राहते, प्रमिला. नर्सिंग शिकते. रविवारी तिला अनारसा द्यायला गेले तर ती घरी पत्र लिहीत होती, नेपाळीत. आपलंच अक्षर. सहज नजर गेली आणि मी ओरडलेच. तिच्या कागदावर तुमचा तो कोयता! एकदा नाही, ओळीओळीत. म्हटलं, हे काय लिहिलंस? ‘‘गऱ्यो,’’ ती म्हणाली. म्हणजे ‘केलं’. ‘‘आमच्यात कुणी काही केलं की हे येतंच.’’

मामा, हा अर्धा र फक्त आपलाच आहे असं मी धरून चालले होते. हिंदीवाल्यांना तो माहीत नाही, गुजरात्यांना नाही. नेपाळी माणूस माझ्या डोक्यातच आला नव्हता! मी दोन महिने खिडकीशी उभी राहून ‘मराठी, मराठी’ करत होते आणि ज्यानं तक्रार लिहिली त्याला मराठीचं नावही माहीत नसेल.

सोमवारी ऑफिसात गेले ती पर्ससकट खुर्चीत बसले आणि खिडकीशी विचारलं, ‘नेपाळी, छपाई’. चार तक्रारी निघाल्या. तिसरी आपली. नेपाळातल्या पोखऱ्याच्या धनकुमार नावाच्या माणसानं दोन वर्षांपूर्वी लिहिलेली. शाळेची प्रश्नपत्रिका छापताना ‘गऱ्यो’च्या पुढची ओळ गळते. शिक्षक आहेत, तुमच्यासारखेच! खाली कुणीतरी उत्तरही लिहून ठेवलंय. आणि मामा, ते पान सर्च इंजिनला मी परत विचारून बघितलं. अजूनही लग्नपत्रिकाच देतं.

आता उपाय. हा अर्धा र दोन वाटांनी काढता येतो. तुम्ही साधा र, मग पाय मोडायची कळ, मग एक जोडणारी कळ दाबता. मीच शिकवलं होतं. त्या जोडणाऱ्या कळेनं एक न दिसणारं अक्षर बसतं. पडद्याला त्याची सवय आहे, छापणारा भाग मात्र त्याच्याशी आला की ओळ संपली असं समजतो. दुसरी वाट अशी: शिफ्ट दाबून र ची कळ दाबा. खाली टिंब असलेला र उमटेल, घाबरू नका. मग पाय मोडा, मग य. टिंब जाईल आणि कोयता तयार होईल. यात न दिसणारं काही नाही. मी इथं ‘शेतकऱ्याचं नाव: साळुबाई’ असं छापून बघितलं. कागद सोबत पाठवते आहे.

तो तिला आधी दाखवा.

बदलायचे शब्द पुष्कळ असतील. पण तुमच्याकडे मामी आहेत.

शि. सा. न. वि. वि.

तुमची,
वृषाली

ता. क. मी धनकुमारांच्या तक्रारीखाली तुमचे चौसष्ट शब्द लिहिले, तुमच्या आणि मामींच्या नावासकट. आजच बनवणाऱ्यांचं उत्तर आलं. एवढी नीट यादी मिळाल्यावर चूक कुठं आहे ते कळलं, प्रोग्रामच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल, आणि आभार. देवयानी मॅडमनी ते सगळ्या टीमला मोठ्यानं वाचून दाखवलं. मला वाटलं होतं लाज वाटेल. नाही वाटली.

---

तळेघर
२४ जानेवारी २००५

चि. वृषालीस,
अनेक आशीर्वाद.

तुला आयत्या वेळी रजा नाकारली याचा सगळ्यांना राग आहे. सोहळा कसा झाला ते सविस्तर लिहितो, म्हणजे तू आल्यासारखंच होईल.

बदलायचे शब्द चारशे बारा निघाले. तुझी मामी वाचायची, मी बदलायचो. वीज असेल तेव्हा मशीनवर, नसेल तेव्हा पुढची पानं खुणा करून ठेवायची. ६ जानेवारीला शेवटचं पान निघालं. घोडेगावला झेरॉक्स करून दोनशे प्रती बांधल्या.

परवा मांडव भरला होता. पाहुण्यांची भाषणं झाली, पण लोकांचं लक्ष गठ्ठ्याकडे. मग मी एकेक नाव पुस्तकातून वाचलं आणि ज्याचं नाव, त्यानं येऊन प्रत न्यायची. रखमाजी फेटा बांधून आला. झुंबरबाईनं पुस्तक कपाळाला लावलं. धर्माजीनं तिथंच उभं राहून आपलं नाव तीन वेगवेगळ्या पोरांकडून वाचून घेतलं, तिघांचंही एकच आलं तेव्हा खाली बसला. साळुबाईचं नाव घेतलं तर टाळ्या थांबेनात. तिनं प्रत पदराखाली घेतली.

मी तुझंही सांगितलं. म्हटलं, माझी भाची कॉम्प्युटर बनवत नाही, ती त्यातल्या चुका शोधते, आणि तिनं शोधली नसती तर हे पुस्तक कोरं राहिलं असतं. अक्का पहिल्या रांगेत होती. शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाली, ‘‘माझी हाय ती.’’

पण खरी मजा त्यानंतर. जेवणाची पंगत उठली नाही तोवर गेणभाऊ पुस्तक घेऊन माझ्यापुढं हजर. ‘‘गुरुजी, खडक्या भाताला तुमी चार महिने लिवलंय. आमच्या माळावर साडेतीनात निघतंय. चुकलं तुमचं.’’ त्याच्यामागं झुंबरबाई. ‘‘जिरवेल भात पानथळीत लावत न्हाई राव कुनी!’’ मग रांगच लागली. मला आधी वाईट वाटलं. मग तुझं आठवलं. शाळेतली नवी वही काढली, वर लिहिलं ‘पुस्तकातल्या चुका’, आणि प्रत्येकाला विचारू लागलो. नेमकं काय चुकलं? दर साली तसंच होतं का? कुठल्या खाचरात? संध्याकाळपर्यंत सदतीस चुका झाल्या आणि त्यातल्या खऱ्या चुका फक्त नऊ. बाकीचं सगळं नवं. पोरांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं ते, कारण पोरांनी विचारलं त्यांच्या शब्दांत. चूक दाखवायची म्हटल्यावर माणसं भरभरून बोलली. पाच वाण असे निघाले जे पुस्तकात नाहीतच.

काल रविवार असूनही शाळा उघडी ठेवली. लोक वस्त्यांवरून चालत येत होते. दुपारी साळुबाई आली. दोन मैल चालून, काठी टेकत, दिशाला बरोबर घेऊन. मी खुर्ची दिली, ती जमिनीवरच बसली. पदराखालून पुस्तक काढलं आणि बरोबर आपलं पान उघडलं.

‘‘लिवा. चूक हाय.’’

मी पान पाहिलं. म्हटलं, ‘‘साळुबाई, नाव आहे की आता. दिशा, वाच बघू.’’

‘‘नाव हाय. दिशानं धा वेळा वाचून दावलं. नाव छापलं त्ये लई ग्वाड वाटलं, पर रातभर जिवाला बरं न्हाई वाटलं. रायभोग माझा न्हाई, गुरुजी. मी लगीन होऊन आले तवा माझ्या सासूनं पहिल्या भाताच्या आवणीला मूठभर बी माझ्या हातावर ठिवलं. म्हनली, माझं काय न्हाई गं द्यायाला, एवढंच हाय, हे राख. भागू नाव तिचं. माळीन गावचं माहेर. तिचं नाव कुनी कुठंच लिवलं न्हाई. ना सातबाऱ्याला, ना दगडावर. पोटच्या पोरांनाबी म्हाईत न्हाई आता.’’

मी पेन उचललं. तिनं माझा हात धरला.

‘‘पेनानं नगं.’’

मशीन चालू केलं. वीज होती, देवाची कृपा. साळुबाई कधी नव्हे ती खुर्चीवर बसली आणि कळा बघत राहिली. मी तिचं नाव तसंच ठेवून खाली एक ओळ घातली: ‘बी देणाऱ्याचं नाव: भागू’. शिफ्ट दाबून र. पाय मोडला. य.

प्रिंटर आवाज करायला लागला तशी ती उठून त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि कागद बाहेर येईल तिथं तिनं दोन्ही हातांची ओंजळ धरली.

तुझा,
संपतमामा